अंतुले, १७ डिसेंबर २००८ आणि कामा रुग्णालयामागची गल्ली

खाडीपलीकडचा | रविवार, २३ नोव्हेंबर, रात्री ९:१२

दिवाळीनंतर मंडणगडहून येताना आंबेतच्या पुलावर गाडी थांबवली होती. खाली सावित्रीला भरती लागलेली. बरोबर पुतण्या, वय वर्षं १९. म्हटलं, हे बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव बरं का. तर म्हणे, कोण अंतुले?

मग काय, सुरू झालो. महाराष्ट्राचा पहिला मुस्लिम मुख्यमंत्री, १९८० ते ८२. संजय गांधी निराधार योजना. कुलाबा जिल्ह्याचा रायगड केला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग काढला. विलायतेतून भवानी तलवार आणायची घोषणा, ती काही आली नाही. मग सिमेंटच्या बदल्यात आपल्या प्रतिष्ठानाला देणग्या घेतल्याचा आरोप, न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आणि राजीनामा. तोवर पोरानं मोबाईलवर नाव शोधलं होतं. म्हणाला, "काका, हेच का ते करकरेंबद्दल बोललेले?"

पन्नास वर्षांच्या राजकारणातून त्याच्या हाती तेवढंच लागलं. तेव्हापासून डोक्यात आहे, म्हणून धागा काढतोय. येत्या बुधवारी २६ नोव्हेंबर. २००८ सालीही तो बुधवारच होता.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईवरच्या हल्ल्याला बरोबर तीन आठवडे झाले होते. अंतुले तेव्हा केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार मंत्री. १७ डिसेंबरला संसदेच्या आवारात ते पत्रकारांशी बोलले. त्या रात्री मारले गेलेले दहशतवादविरोधी पथकाचे (एटीएस) प्रमुख हेमंत करकरे यांचा मृत्यू कसा झाला याची वेगळी चौकशी व्हायला हवी, दिसतं त्यापेक्षा यात जास्त काही आहे, असा एकूण सूर. करकरे मालेगावच्या बॉम्बस्फोटाचा तपास करत होते, त्यात बिगरमुस्लिम आरोपी सापडले होते, तेव्हा ते दहशतवादाचे बळी की दहशतवाद अधिक आणखी कशाचे, मला माहीत नाही, असं म्हणाले. शिवाय विचारलं, की ताज आणि ओबेरॉय सोडून करकरे, कामटे आणि साळसकर या अधिकाऱ्यांना कामा रुग्णालयाकडे कुणी पाठवलं?

झालं. भाजप-शिवसेनेनं संसद डोक्यावर घेतली, काँग्रेसनं हात झटकले, पाकिस्तानी वाहिन्यांना आयतं कोलीत मिळालं. राजीनामा दिल्याच्या बातम्या आल्या, तो स्वीकारला काही गेला नाही. मधल्या काळात त्यांनी खुलासा केला, की कुणी मारलं याबद्दल मी बोललोच नाही, त्या दिशेला कुणी पाठवलं एवढंच विचारलं. २३ तारखेला गृहमंत्री चिदंबरम यांनी लोकसभेत निवेदन केलं. शंकेत काडीचं तथ्य नाही आणि अशी शंका निघावी याचा खेद वाटतो, हा त्याचा मथितार्थ. अंतुल्यांनी ते मान्य केलं आणि विषय मिटला.

मिटला कसला. आजही दर नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर उगवतो.

माझं म्हणणं सांगतो, जोडे नंतर मारा. अंतुल्यांनी एका श्वासात दोन गोष्टी केल्या. एक प्रश्न होता: तीन बडे अधिकारी एकाच गाडीतून त्या गल्लीत कसे गेले, कुणी पाठवले? याला उत्तर होतं. वायरलेसच्या नोंदी होत्या, नियंत्रण कक्ष होता, माणसं जिवंत होती. दुसरा संशय होता: मालेगावमुळे तर नाही ना? त्याला त्या दिवशी तीळभर पुरावा नव्हता, पुढंही सापडला नाही. बॅरिस्टर माणसानं दोन्हींची मोट बांधली आणि संशयाबरोबर प्रश्नही विहिरीत गेला. त्यानंतर "कुणी पाठवलं" असं विचारणारा प्रत्येक जण "अंतुल्यांचा माणूस" ठरायला लागला.

तुम्हाला काय वाटतं?

---

भिजलेलं_बूड | रवि., रात्री ९:३०

वाचतोय. पहिलं बाक.

---

तिरपागडा | रवि., रात्री १०:०५

धागाकर्त्यानं बराच हात राखून लिहिलंय. मी राखणार नाही.

मी २००८ साली बोरीबंदरला नोकरीला होतो, आजही त्याच भागात आहे. त्या रात्री आठ-पन्नासची कर्जत पकडून निघालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी सीएसटीच्या मोठ्या हॉलमध्ये पाणी मारून फरशी धुतलेली पाहिली. तिथं पन्नासाहून जास्त माणसं गेली, त्यात उत्तर प्रदेश-बिहारच्या गाड्यांची वाट बघत बसलेले मजूर होते, मुसलमान कुटुंबं होती. मारणाऱ्यांनी नाव विचारलं नाही.

आणि तीन आठवड्यांनी केंद्राचा मंत्री म्हणतो, हे काहीतरी वेगळंच असेल. अहो, तेव्हा पाकिस्तान कसाब आपला नाहीच म्हणून हटून बसलं होतं! ७ जानेवारी २००९ ला कबूल केलं, आणि ज्या सुरक्षा सल्लागारानं, दुर्राणींनी, ते बोलून दाखवलं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. आपले लोक जगभर पुरावे दाखवत फिरत होते आणि आपलाच मंत्री समोरच्या वकिलाला मुद्दा काढून देत होता. ज्या १७ डिसेंबरला हे बोलले त्याच दिवशी लोकसभेनं राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा मंजूर केला. कुणाच्या लक्षात राहिलं का ते? दुसऱ्या दिवशी सगळीकडे अंतुले.

प्रश्न विचारायचा तर मंत्रिमंडळाच्या बैठकीत विचारायचा. चिदंबरम त्याच टेबलाला बसत होते ना.

---

मावळतीचे_ऊन | रवि., रात्री १०:४१

तिरपागडा यांच्या शेवटच्या वाक्याला +१, आणि माझ्या मते वादाचा गाभा तोच आहे.

राज्यघटनेच्या ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. आत काय भांडायचं ते भांडा, बाहेर एकच बोला. बाहेर वेगळं बोलायचं असेल तर आधी खुर्ची सोडा. अंतुल्यांना हे शिकवायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांचं पीठ बसलं होतं, १९८८ साली. कायद्याचे विद्यार्थी 'अंतुले विरुद्ध नायक' आजही वाचतात. खालच्या न्यायालयातला खटला सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच आदेशानं उच्च न्यायालयात नेला, आणि चार वर्षांनी आपली ती चूक होती असं कबूल केलं. तो आदेश चुकीचा आहे हे वर्षानुवर्षं लावून धरणारा माणूस हा. प्रश्न कुठं, कुणापुढं आणि कोणत्या शब्दांत मांडायचा हे त्याला कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

म्हणून जीभ घसरली हे मला पटत नाही. २००९ च्या निवडणुका चार महिन्यांवर होत्या.

---

नाखवा | रवि., रात्री ११:०२

सिमेंटबद्दल कुणीच बोलत नाही? एका गोणीमागे किती...

---

खाडीपलीकडचा | रवि., रात्री ११:१०

नाखवा, सिमेंटवर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. इथं नको.

@मावळतीचे_ऊन, निवडणुकीचा हिशेब असेलही. पण मग तो चुकला. २००९ ला रायगडातून अनंत गीतेंनी त्यांना मोठ्या फरकानं पाडलं. ते या वाक्यामुळं का, हे इथल्या रायगडकरांनी सांगावं.

---

सांदण | सोमवार, २४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

लिहू की नको करत रात्र काढली. लिहितेच.

मी कोकणी मुसलमान. माहेर म्हसळा तालुक्यात, आता मस्कतला. २००८ ला मी पुण्यात शिकत होते. १८ तारखेला सकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये पोह्याची ताटली घेऊन बसले, तर समोरची मैत्रीण म्हणाली, "काय गं, तुमचे अंतुले काय बोलले?" चांगली मैत्रीण होती, आजही आहे. वाईट हेतू नव्हताच. पण "तुमचे" हा शब्द पोह्यातल्या खड्यासारखा दाताखाली आला. तोवर ते आमच्या आख्ख्या जिल्ह्याचे होते.

तीन आठवडे आम्ही सगळे फार जपून वागत होतो. मुंबईत मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या त्या नऊ अतिरेक्यांना मूठमाती द्यायला नकार दिला होता. इस्लाममध्ये मयताला जमीन नाकारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. माझे अब्बा तेव्हा फोनवर म्हणाले होते, "बरा केला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कुणाच्या मातीबद्दल असं ऐकलं. वर्ष उलटून गेल्यावर, २०१० च्या जानेवारीत सरकारनं ती प्रेतं गुपचूप कुठंतरी पुरली.

तर इतकं सगळं जपून कमावलेलं, आणि एका संध्याकाळी बॅरिस्टर साहेबांनी ते पत्रकारांच्या माईकपुढं ठेवून दिलं. मला त्यांचा राग आला होता. अजून आहे.

पण दुसरी बाजूही सांगते. करकरेंवर आमच्या लोकांचा जीव का होता? मालेगावात त्या २९ सप्टेंबरला सहा माणसं गेली होती. बॉम्ब फुटला की आमच्याच पोरांना उचलायचे, ही सवय झाली होती सगळ्यांना, आम्हालासुद्धा. हा पहिला अधिकारी ज्यानं स्फोटातली मोटरसायकल कुणाची ते बघितलं आणि जिकडं माग गेला तिकडं गेला. तो चुकला की बरोबर होता ते न्यायालय बघेल. पण गेला, हे महत्त्वाचं होतं. आणि तोच माणूस दोन महिन्यांत मरतो. घराघरात कुजबुज होती हो. अंतुल्यांनी ती काही शोधून काढली नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात जे बोललं जात होतं ते त्यांनी संसदेच्या पायरीवर नेलं. पुढाऱ्यानं लोकांची कुजबुज ऐकावी, मान्य. पण ऐकून तिची शहानिशा करावी की ती तशीच पुढं सरकवावी?

बाकी, त्या महिन्यात कुणाची जीभ ताळ्यावर होती? राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आबा पाटलांचं "बडे बडे शहरों में". नक्वींचं लिपस्टिक-पावडरवाल्या बायकांबद्दलचं. केरळचे मुख्यमंत्री शहीद उन्नीकृष्णन यांच्या घराबद्दल, कुत्र्याबद्दल काय बोलले तेही आठवा. आबांनी राजीनामा दिला, वर्षभरात त्याच खुर्चीत परत आले. आल्याचं दुःख नाही, माणूस चांगला होता. फक्त त्यांच्या वाक्याचा जाब कुणी माझ्या मेसमधल्या मराठा मैत्रिणीला विचारला नाही.

---

भिजलेलं_बूड | सोम., सकाळी ८:०५

सांदण, दंडवत. हा प्रतिसाद म्हणजेच धागा आहे.

---

तिखटमीठ | सोम., सकाळी ९:४८

भावनिक प्रतिसाद वाचले. आता वस्तुस्थिती. ३१ जुलै २०२५ ला विशेष एनआयए न्यायालयानं मालेगावच्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे ज्या तपासाच्या जिवावर अंतुल्यांनी "आणखी काही" म्हटलं तो तपासच पोकळ होता. विषय संपला.

---

मावळतीचे_ऊन | सोम., सकाळी १०:३०

तिखटमीठ, विषय एवढ्यावर संपत नाही. पुरावा संशयापलीकडे गेला नाही म्हणून न्यायालयानं सोडलं. नुसता संशय, कितीही दाट असला तरी, पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व. ते आरोपींच्या बाजूनं लागलं, योग्यच आहे. आणि २०११ पासून तो खटला एटीएसकडं नव्हता, एनआयएकडं होता. १७ वर्षांत साक्षीदार फिरले, तपास यंत्रणा बदलली. त्या सगळ्याचं खापर २००८ च्या नोव्हेंबरात गेलेल्या माणसावर फोडू नका.

आणि गंमत अशी की हेच तत्त्व अंतुल्यांनाही लागू होतं. संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही बाजूंनी एकदा मोठ्यानं वाचावं.

---

तिखटमीठ | सोम., सकाळी १०:५२

आमच्याही बाजूनं पाच-दहा वर्षं तुरुंगात घालवलेली माणसं आहेत, त्यांचा हिशेब कोण देणार?

---

सांदण | सोम., सकाळी ११:१५

हे मी कधी नाकारलं? तुमच्याही आणि आमच्याही. जुलैतच, दहा दिवस आधी, ७/११ च्या लोकलमधल्या स्फोटांचे बाराही जण मुंबई उच्च न्यायालयानं सोडले. एकोणीस वर्षांनी. त्या दिवशी तुम्ही इथं काय लिहिलं होतं ते मी मुद्दाम शोधत नाहीये.

---

संपादक | सोम., सकाळी ११:३०

मालेगाव आणि ७/११ चे निकाल हे या धाग्याचे विषय नाहीत. वैयक्तिक रोख टाळा. तिखटमीठ यांचे दोन प्रतिसाद उडवले आहेत, सांदण यांचा एक.

---

दगडफूल | सोम., दुपारी ३:१८

मूळ मुद्द्यावर येतो. धागाकर्ता म्हणतो प्रश्नाला उत्तर होतं. होतं, आणि ते काढायला कामटेंच्या पत्नी विनीता कामटे यांना किती चपला झिजवाव्या लागल्या हे त्यांच्या 'टू द लास्ट बुलेट' या पुस्तकात आहे. २००९ च्या नोव्हेंबरात आलं, हल्ल्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास.

आधी प्रसंग डोळ्यांपुढं आणा. सीएसटीवरून कसाब आणि अबू इस्माईल कामा रुग्णालयात शिरले. गच्चीकडं सदानंद दाते मूठभर पोलिसांसह त्यांच्याशी झुंजत होते, जखमी झाले. करकरे दादरच्या घरून निघून सीएसटी करून कामाच्या मागच्या बाजूला आले. तिथं कामटे आणि साळसकर भेटले. कामटे पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त, म्हणजे चेंबूरकडचे. ते इथं कसे, कुणी बोलावलं, हा विनीताताईंचा पहिला प्रश्न. शब्दशः अंतुल्यांचाच प्रश्न, बघा. फक्त त्यात "अधिक आणखी काही" नाही.

माहितीच्या अधिकारात त्यांनी नियंत्रण कक्षाच्या संभाषणाची नोंद मागितली. तुकड्यातुकड्यांनी मिळाली. त्यात करकरेंचा संदेश आहे: आपण कामाच्या मागच्या बाजूला आहोत, पुढच्या बाजूनं कुमक पाठवा, रुग्णालयाला वेढा घाला. मध्यरात्रीच्या बऱ्याच आधीचा. वेढा पडला नाही. दोघे अतिरेकी सुखरूप बाहेर आले, गल्लीत दबा धरून बसले आणि या तिघांची क्वालिस गाडी आली तशी तिच्यावर गोळ्या झाडल्या. साळसकर चालवत होते, कामटे शेजारी, करकरे मधल्या सीटवर, मागं चार शिपाई. मुंबई पोलिसांचं मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर. तरी बराच वेळ कुणी आलं नाही, असं विनीताताईंचं म्हणणं. त्या रात्री नियंत्रण कक्ष सांभाळणारे राकेश मारिया यांनी हे आरोप जाहीरपणे फेटाळले, तेही नोंदवतो.

राम प्रधान आणि बालचंद्रन यांची दोन सदस्यांची समिती २००८ च्या डिसेंबरअखेर नेमली गेली. तिनं आयुक्त हसन गफूर यांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. सरकारनं अहवाल आधी दडपला, मग वर्षाच्या शेवटी नागपूर अधिवेशनात मांडला.

आणि आता कटाच्या सिद्धांताबद्दल. त्या गाडीतल्या सातपैकी एक जण वाचला, अरुण जाधव. मागच्या सीटवर सहकाऱ्यांच्या मृतदेहांखाली निपचित पडून राहिले. त्याच गाडीत बसून कसाब आणि इस्माईल पुढं गेले, चाक बसलं म्हणून स्कोडा पळवली. जाधवांनी वायरलेसवरून सांगितलं ते कुठल्या दिशेला गेले. त्यानंतर गिरगाव चौपाटी, तुकाराम ओंबळे, कसाब जिवंत. जाधवांनी न्यायालयात साक्ष दिली. कामटेंची गोळी कसाबच्या हाताला लागली होती. विशेष न्यायाधीश ताहिलियानींच्या न्यायालयानं २०१० मध्ये, मग उच्च न्यायालयानं, मग २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं तपासलं. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या पीठाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती होते आफताब आलम.

म्हणजे कुणी मारलं याचं उत्तर तीन न्यायालयांतून गेलंय. कुणी पाठवलं आणि कुमक का आली नाही, हे कुठल्याच न्यायालयात गेलं नाही. कारण तो गुन्हा नव्हताच. ती ढिलाई होती, आणि ढिलाईवर खटला भरत नाहीत.

---

खाडीपलीकडचा | सोम., संध्या. ६:४०

दगडफूल, मला जे मांडायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत. तोच प्रश्न एका विधवेनं कागद मागून विचारला आणि नोंदी बाहेर आल्या. मंत्र्यानं माईकपुढं विचारला आणि बाहेर काय आलं, तर चिदंबरम यांचं निवेदन.

---

तिरपागडा | सोम., रात्री ८:२५

इथं मी अडतो. विनीताताईंना तरी कुठं सुखानं विचारू दिलं? आणि खाडीपलीकडचे, तुमच्या म्हणण्यातला एक दुवा मला कच्चा वाटतो. अंतुले बोलले नसते तर सरकारनं डिसेंबरातच नोंदी टेबलावर ठेवल्या असत्या? पोलिसांची अब्रू, सरकारची अब्रू, शहीदांच्या नावाला धक्का नको, ही कारणं तयारच होती. करकरेंच्या अंगावरचं बुलेटप्रूफ जाकीट जे. जे. मधून गहाळ झालं, त्यात अंतुल्यांचा काय संबंध? त्यांच्या पत्नी कविता करकरे त्याची विचारणा करून थकल्या. शेवटी उत्तर काय, तर सफाई कामगारानं कचऱ्यात टाकलं.

म्हणजे अंतुल्यांनी प्रश्न विहिरीत ढकलला म्हणता, पण विहिरीच्या काठावर तो आधीच कुणीतरी आणून ठेवला होता.

---

खाडीपलीकडचा | सोम., रात्री ९:०२

बिनतोड. जाकिटाचं मी विसरलो होतो. माझं वाक्य निम्मं मागं घेतो: त्यांनी प्रश्न बुडवला नाही, बुडवणाऱ्यांना सबब दिली.

---

मावळतीचे_ऊन | सोम., रात्री ९:३५

आणि सबब पुरून उरली. २०१० च्या डिसेंबरात दिग्विजय सिंह म्हणाले, मृत्यूच्या काही तास आधी करकरेंशी माझं बोलणं झालं, त्यांना हिंदू कट्टरवाद्यांकडून धमक्या येत होत्या. कविता करकरेंनी जाहीर नाराजी व्यक्त केली. आबा म्हणाले फोनची नोंद सापडत नाही. जानेवारीत दिग्विजय यांनी फोनचे कागद पत्रकारांना दाखवले. फोन झाला हे दिसलं, बोलणं काय झालं ते कागदावर कसं दिसणार?

मग २०१९. मालेगावच्या आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर भोपाळमध्ये म्हणाल्या, करकरे माझ्या शापानं गेले. गदारोळ झाल्यावर विधान मागं घेतलं. भोपाळमध्ये त्यांच्यासमोर उमेदवार कोण? दिग्विजय सिंह! करकरेंबद्दल बोलून वादात सापडलेले दोघे एकाच मतपत्रिकेवर. बाई साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या.

मग २०२४ च्या मे महिन्यात विजय वडेट्टीवार. करकरेंना लागलेली गोळी कसाबची नव्हती, संघाशी जवळीक असलेल्या पोलिसाची होती, असं विधान. आधार म्हणून माजी पोलीस महानिरीक्षक मुश्रीफ यांचं पुस्तक. तेव्हा कसाबच्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम उत्तर-मध्य मुंबईतून भाजपचे उमेदवार होते, म्हणून रोख त्यांच्याकडं. मतदान झालं, वडेट्टीवार पुढच्या विषयाकडं गेले.

चौघांत धर्मानं मुसलमान एकच, आणि चौघांत केंद्रीय मंत्रीही तो एकच. त्याला जास्त झोडपलं ते कशामुळं, यावर मी दोन्ही म्हणेन.

---

तिखटमीठ | सोम., रात्री १०:१०

मंत्री होता म्हणून. दुसरं कारण तुम्ही चिकटवताय.

---

सांदण | सोम., रात्री १०:४० (मस्कतमध्ये ९:१०)

तिखटमीठ, त्यांना मंत्री म्हणून झोडपलं असेल, कबूल. हॉस्टेलच्या मेसमध्ये मी कुठल्या खात्याची मंत्री होते?

---

तिखटमीठ | सोम., रात्री ११:२२

हे तुम्ही बरोबर बोललात. माझ्याकडं उत्तर नाही.

---

नाखवा | मंगळवार, २५ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

इतक्या वर्षांत तिखटमीठ गप्प बसलेला पहिल्यांदा पाहिला. सिमेंटचा धागा काढलाय, या सगळे.

---

तिरपागडा | बुधवार, २६ नोव्हेंबर, संध्या. ७:३०

आज ऑफिस सुटल्यावर मुद्दाम त्या गल्लीतून आलो. एरवीही येतोच, पण आज सावकाश. एका अंगाला झेवियर्सची भिंत, दुसऱ्या अंगाला रंगभवन, जिथं एकेकाळी रात्रभर गाणी व्हायची. झाडं दाट, दिवे अंधुक, आजही लपून बसायला जागा आहे. कॉलेजची पोरं वडापाव खात उभी होती. पाटीकडं इतकी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं: बद्रुद्दीन तय्यबजी मार्ग. बॅरिस्टर तय्यबजी, १८८७ चे काँग्रेस अध्यक्ष, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. टिळकांना १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात जामीन दिला तो यांनीच.

कामाच्या मागच्या फाटकापासून पावलं मोजली आणि अर्ध्यात सोडून दिलं. मोजून करायचं काय होतं?

---

दगडफूल | बुध., रात्री ८:१५

तिथून पुढं मुख्यालयाच्या फाटकापर्यंत मोजायची होतीत.

---

खाडीपलीकडचा | बुध., रात्री ९:००

सांदण, माझा एक प्रश्न राहिलाच. २००९ ला बॅरिस्टर पडले ते त्या वाक्यामुळं का? तुमच्या गावात काय बोलत होते?

---

सांदण | बुध., रात्री १०:२०

आत्ताच अब्बांना फोन करून विचारलं. त्यांचं वय आता ७८, पण निवडणुका तोंडपाठ. म्हणाले, मतदारसंघ नवा झाला होता, आमच्या तालुक्यापलीकडं दापोली-गुहागरपर्यंत गेला होता, तिकडं सेना घट्ट. शिवाय साहेब ऐंशीचे, पायात जोर राहिला नव्हता, गावोगाव फिरणं जमलं नाही. करकरेंचं नाव आमच्याकडच्या सभेत कुणी काढलं नाही. ज्याला त्या वाक्याचा राग होता तो आधीही त्यांना मत देत नव्हता, आणि ज्याला ते आवडलं तो आधीपासून देतच होता.

मी विचारलं, मग लोक सभेत विचारत काय होते? म्हणाले, पाण्याचं, आणि मुंबई-गोवा हायवे कधी रुंद होणार त्याचं.

---

नाखवा | बुध., रात्री १०:२४

हायवेवर धागा काढू का?

---

भिजलेलं_बूड | बुध., रात्री १०:२६

काढ. पण आधी गणपतीत पनवेल ते माणगाव किती तास लागले ते लिही. माझे नऊ.